तीन अक्षरांमागचे नाव



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेच्या आधी आठ-दहा दिवस आम्ही काही स्वयंसेवक रोज संध्याकाळी सिमेट्रीत जमतो. पावसाळ्यात माजलेले गवत कापायचे, दगडांवरचे शेवाळ खरवडायचे, पुसट झालेल्या अक्षरांत पुन्हा काळा रंग भरायचा, अशी कामे असतात. आमचा बेळगावचा भाग सीमेवरचा. त्यामुळे कबरींवरही मराठी, कोकणी, कन्नड आणि इंग्रजी शेजारी शेजारी नांदतात. भाषा वेगळ्या, लिप्या वेगळ्या, पण क्रुसाखाली बहुतेक दगडांवर तीच तीन रोमन अक्षरे: आर, आय, पी.

धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना आम्ही या कामाला मुद्दाम घेऊन जातो. एकदा ब्रश धुताना आम्ही त्यांना सहज विचारले, या अक्षरांचा अर्थ काय? अर्ध्यांनी लगेच "रेस्ट इन पीस" म्हटले. एकजण म्हणाला, "सर, फोनची बॅटरी संपली की लिहितात ते." दुसरी म्हणाली, "गणिताचा पेपर अवघड गेला की ग्रुपवर टाकतात." सगळे हसले. तेव्हा आम्ही त्यांना गृहपाठ दिला. पुढच्या रविवारी प्रत्येकाने घरात, शेजारी, दादा-ताईंच्या कामाच्या ठिकाणी विचारायचे आणि या तीन अक्षरांचा एक अर्थ घेऊन यायचे. आम्ही शिकवणारे बहुतेक कला शाखेचे, त्यामुळे त्या रविवारी शिकण्याची पाळी आमची होती.

फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात काम करणाऱ्या एका दादाचे उत्तर आधी आले. त्यांच्याकडे "फाईल रिपला लावली" असे रोज म्हणतात. पूर्ण नाव रास्टर इमेज प्रोसेसर. संगणकावर आपण मांडलेले फोटो आणि अक्षरे छपाईच्या यंत्राला जशीच्या तशी कळत नाहीत. रिप त्यांचे बारीक ठिपके करते आणि निळ्या, किरमिजी, पिवळ्या, काळ्या अशा चार शायांपैकी कोणत्या शाईचा ठिपका नेमका कुठे पडायचा ते ठरवते. १९८५ साली ॲपल कंपनीचा लेझररायटर प्रिंटर आला. ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा वाचून ठिपके तयार करणारी यंत्रणा त्याच्या पोटातच होती, आणि छापखान्याचे काम टेबलावर आले. चौकात लागणारा "भावपूर्ण श्रद्धांजली"चा फलकसुद्धा याच रिपमधून बाहेर पडतो. दादा मुलांना म्हणाला होता, "माणूस आधी जातो, मग त्याचा फोटो आमच्याकडे रिप व्हायला येतो."

संगणक-जाळ्यांचे काम करणाऱ्या एका तरुणाने दुसरा अर्थ पाठवला: रूटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल. एका संगणकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत जाताना वाटेत अनेक यंत्रांच्या हातांतून जातो. या यंत्रांना राउटर म्हणतात. कोणते ठिकाण किती टप्प्यांवर आहे, हे प्रत्येक राउटर आपल्या शेजाऱ्याला दर ३० सेकंदांनी सांगत राहतो. ही बोलण्याची रीत १९८८ मध्ये लेखी नियमांत बांधली गेली. तिची एक मर्यादा आहे. टप्पे मोजायचे ते १५ पर्यंतच. सोळावा आकडा आला की त्याचा अर्थ "अनंत", म्हणजे तिथे पोहोचता येत नाही. चुकीच्या माहितीमुळे राउटर एकमेकांत कायम मोजत बसू नयेत म्हणून ही मर्यादा घातली आहे. पण तिचा परिणाम असा, की सोळा टप्प्यांवरचे यंत्र चालू असले तरी या रीतीच्या हिशेबात ते आवाक्याबाहेर गेलेले असते.

तिसरे उत्तर आमच्याच धर्मग्रामातल्या एका नर्सताईचे होते. झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांची रात्रभर तपासणी करतात, तिथे ती ड्युटी करते. रुग्णाच्या छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक, असे दोन पट्टे बांधतात. पट्ट्यात नागमोडी तार असते. श्वासाबरोबर छाती-पोट फुगते आणि खाली बसते, तसा तारेतल्या विजेच्या गुणधर्मात बदल होतो, आणि पडद्यावर लाट उमटते. श्वास कधी थांबला, थांबला तेव्हा छाती आणि पोट धडपडत होते की तीही स्वस्थ होती, हे त्यावरून कळते. या पद्धतीचे नाव रेस्पिरेटरी इंडक्टन्स प्लेथिस्मोग्राफी. नाव तोंडात मावत नाही, म्हणून सगळे आर.आय.पी. म्हणतात. नर्सताई म्हणाली, "कबरीवर तीच अक्षरे आणि माझ्या रुग्णाच्या पट्ट्याला तेच नाव. पण माझ्या इथल्या आर.आय.पी.चा माणूस सकाळी उठून चहा मागतो."

चौथे उत्तर विषाचे निघाले. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी लिहून दिले: रायबोसोम इनॅक्टिव्हेटिंग प्रोटीन. आपल्या पेशींत प्रथिने तयार करणारे सूक्ष्म कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. हे कारखाने बंद पाडणारी काही प्रथिने वनस्पतींत सापडतात. त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध रिसिन आपल्या कुंपणाकडेच्या एरंडाच्या बियांत असते. तेल काढताना ते पेंडीत मागे राहते, म्हणून आजीच्या हातचे एरंडेल आपल्याला पोट साफ करण्यापलीकडे काही करत नाही. पण १९७८ साली लंडनमध्ये बल्गेरियन लेखक जॉर्जी मार्कोव्ह यांच्या पायात एक बारीक गोळी टोचली गेली आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. त्या गोळीत रिसिन होते असे मानले जाते. म्हणजे एक आर.आय.पी. माणसाला दुसऱ्या आर.आय.पी.पर्यंत पोहोचवू शकतो.

याच बाईंनी आणखी एक गंमत सांगितली. पावावर येणाऱ्या नारिंगी बुरशीवर, म्हणजे न्यूरोस्पोरावर, १९८० च्या दशकात संशोधन चालू असताना तिच्या जनुकांतल्या एका विचित्र बदलाला शास्त्रज्ञांनी आर.आय.पी. असे नाव दिले. पुढे तो बदल नेमका कसा होतो हे कळले, तेव्हा जुना अर्थ लागू पडेना. मग त्यांनी अक्षरे तीच ठेवली आणि त्यांमागचे शब्द बदलले.

वर्गात फळ्यावर आम्ही हे सगळे एकाखाली एक लिहिले. यांतला कुठलाही अर्थ चुकीचा नव्हता. फ्लेक्सवाल्याला "रिपला लावली का?" असे विचारले तर तो प्रार्थना म्हणत नाही, आणि कबरीवरच्या अक्षरांतून कुणी राउटरचे टप्पे मोजत नाही. तीन अक्षरे ही रिकाम्या घागरीसारखी आहेत. कोण भरतो, कुठल्या पाणवठ्यावर भरतो आणि कुणाच्या दारी नेतो, त्यावर आत काय आहे ते ठरते. म्हणून अक्षरांचा अर्थ शोधताना विचारायचे ते हे: कोण बोलत आहे, आणि कुणाशी बोलत आहे?

आपल्या मराठीला हे नवे नाही. जुन्या पत्रांच्या सुरुवातीला "सा. न. वि. वि." असे. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. साष्टांग म्हणजे आठही अंगे जमिनीला टेकवून घातलेला नमस्कार! लिहिणारा मात्र खुर्चीत रेलून बसलेला असे. मृतांच्या नावाआधी आपण कै., स्व. लिहितो, मुसलमान बांधव पै. लिहितात, आणि आपल्या मंडळींत "ख्रिस्तवासी" लिहिण्याची रीत आहे. ख्रिस्तवासी या शब्दाचा अर्थ कधी थांबून पाहिला आहे? अमुक माणूस आता ख्रिस्तामध्ये राहावयास गेला आहे, एवढा मोठा विश्वास त्या शब्दात आहे. आपण मात्र तो पत्रिकेवर "चि." आणि "सौ." लिहितो तसा लिहून टाकतो. संक्षेपाने जागा वाचते, वेळ वाचतो. दोष त्यात नाही. पण संक्षेप आपण पुन्हा उलगडतच नाही, तेव्हा काहीतरी हरवते.

काय हरवते, ते आम्हांला एका मावशींनी दाखवले. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला होता. तिथेच तो गेला. पार्थिव घरी यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत घरात करण्यासारखे काहीच नव्हते, नुसती वाट पाहायची होती. आम्ही संध्याकाळी जपमाळेला जात असू. मावशींना वाचता येत नाही. त्यांचा नातू धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होता. "आर.आय.पी. आर.आय.पी. आर.आय.पी. आर.आय.पी. आंटी." शंभरावर निरोप होते. हात जोडलेली चित्रे होती, मेणबत्त्या होत्या. तो वाचत राहिला आणि मावशी ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "व्हय रे बाळा, त्यात माझ्या पोराचं नाव कुठं हाय?"

नातू खाली-वर बोट फिरवत राहिला. नाव फक्त सर्वांत वर होते, ज्याने बातमी टाकली त्याच्या निरोपात. खाली कुठेच नव्हते.

ज्यांनी ती अक्षरे लिहिली त्यांच्या मनात खोट नव्हती. कित्येकांचा गळा दाटून आला असेल, काय लिहावे ते सुचले नसेल. पण मावशींचा प्रश्न आम्हांला झोपू देईना. आम्ही ही अक्षरे लिहितो तेव्हा कुणाशी बोलत असतो? मेलेल्या माणसाशी? त्याच्या घरच्यांशी? की ग्रुपवर आपली हजेरी लावत असतो? पुढच्या वर्गात शिकवायच्या आधी या प्रश्नाचे उत्तर आम्हांला हवे होते, म्हणून आम्ही फादरांना घेऊन अक्षरांच्या मुळापर्यंत गेलो.

ही अक्षरे मुळात इंग्रजी नाहीत, लॅटिन आहेत. रेक्विएस्कात इन पाचे. इंग्रजीतही योगायोगाने तीच तीन आद्याक्षरे जुळली, म्हणून आपल्याला ती इंग्रजी वाटतात. पण भाषा बदलताना एक महत्त्वाची गोष्ट गळून पडली. "रेस्ट इन पीस" हे कानाला आज्ञेसारखे लागते. जणू आपण मेलेल्याला सांगतो आहोत, झोप आता शांतपणे. लॅटिनमधले क्रियापद आज्ञार्थी नाही. ते इच्छा व्यक्त करणारे आहे, आणि तृतीय पुरुषी आहे. इंग्रजीला ते सांगायला जास्तीचे शब्द जोडावे लागतात. आपल्या मराठीला मात्र ते एका प्रत्ययात साधते: त्याला शांतीत विसावा मिळो. या "मिळो"मध्ये सगळे आले. मृताविषयी आपण बोलतो आहोत, पण मृताशी नव्हे. ज्याच्या हातात विसावा देणे आहे त्या परमेश्वराशी आपण बोलतो आहोत. म्हणजे ही अक्षरे निरोप नाहीत, हजेरी नाहीत, सांत्वनही नाहीत. ती प्रार्थना आहेत. आणि प्रार्थना ज्याच्यासाठी करायची त्याचे नाव तीत असावे लागते. मावशींनी नेमके तेच विचारले होते.

रोमच्या भूमिगत दफनस्थळांत, कॅटाकोंबमध्ये, पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनी आपल्या माणसांच्या कबरींवर नाव कोरले आणि पुढे "शांतीमध्ये" एवढेच शब्द लिहिले. कुठे लॅटिनमध्ये, कुठे ग्रीकमध्ये. गालील प्रांतातील बेथ शआरीम येथील यहुदी कबरींवर "शालोम" कोरलेले आढळते. नाव आणि शांती ही जोडी इतकी जुनी आहे. आपण ज्या जागेला सिमेट्री म्हणतो तो शब्दही ग्रीक भाषेतून आलेला आहे आणि त्याचा अर्थ "झोपण्याची जागा" असा आहे. ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला हे नाव दिले, कारण झोपलेला माणूस उठतो, असा त्यांचा विश्वास होता. नर्सताईच्या रुग्णासारखा.

लाजरस मेला तेव्हा प्रभू येशूनेही शिष्यांना तो झोपला आहे असेच सांगितले. मग तो कबरीपाशी गेला, रडला, आणि त्याने मोठ्याने हाक मारली. कोणती हाक? "लाजरस" ही, नावानिशी. पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत मरिया माग्दालिया त्याला माळी समजत होती. त्याने तिचे नाव घेतले आणि तिने त्याला ओळखले. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे योहानाच्या शुभवर्तमानात आपण किती वेळा ऐकले आहे. ज्या देवाला नाव माहीत आहे त्याच्यापुढे आपण ते नाव का गिळून टाकावे?

जुन्या लॅटिन विधीत मृतांच्या मिस्साच्या शेवटी धर्मगुरू नेहमीचे निरोपाचे शब्द म्हणत नसत. त्याऐवजी ते हीच प्रार्थना म्हणत, पण अनेकवचनात: त्यांना शांतीत विसावा मिळो. वेदीसमोर एकच शवपेटी असली तरी अनेकवचनच. आणि लोक उत्तर देत, "आमेन". म्हणजे एका माणसाला निरोप देताना ख्रिस्तसभा ज्यांचे नाव घ्यायला कुणी उरले नाही अशा सगळ्यांना सोबत घेत असे. हाच विचार २ नोव्हेंबरमागे आहे. क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओडिलो यांनी सुमारे ९९८ साली आपल्या मठांत हा दिवस सुरू केला. पहिल्या महायुद्धात तरुणांच्या कबरींची रांग लागली होती, तेव्हा, १९१५ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली.

आमच्या शहरात मेथडिस्ट बंधुभगिनीही आहेत. मृतांसाठी प्रार्थना करण्याची आपली रीत त्यांची नाही. ते मृत व्यक्तीच्या जीवनाबद्दल देवाचे आभार मानतात आणि तिला त्याच्या कृपेवर सोपवतात. आपण कॅथोलिक मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा आधार घेतो. तिथे लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी याने वर्गणी गोळा केली आणि पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवली. मतभेद आहेत, ते लपवायचे कारण नाही. पण ते बंधूही मृताचे नाव घेऊन देवाशी बोलतात. तीन अक्षरांवर न थांबता नाव घेणे, एवढे तरी आपण सगळे मिळून करू शकतो.

आता "विसावा" हा शब्द पाहा. आपल्या गावांत अंत्ययात्रा निघते तेव्हा वाटेत एका ठरलेल्या जागी तिरडी क्षणभर खाली टेकवतात. त्या जागेला विसावा म्हणतात. तिथे खांदेकरी बदलतात. ज्याचा खांदा भरून आला तो बाजूला होतो, दुसरा पुढे येतो, आणि वाट पुढे चालू राहते. आपल्या सीमाभागात आपण आणि आपले हिंदू शेजारी शतकानुशतके एकमेकांच्या मयताला जात आलो आहोत, त्यामुळे हे दृश्य आपल्याला परके नाही.

मृत्यूनंतरच्या शुद्धीकरणाविषयी मुले विचारतात, तेव्हा आम्ही आता हाच दाखला देतो. आपला माणूस देवाकडे निघाला आहे. घर ठरलेले आहे, वाट चुकायची नाही. पण वाट अजून पूर्ण झालेली नाही आणि त्याच्या अंगावर काही ओझे आहे. आपली प्रार्थना म्हणजे त्या वाटेवर दिलेला खांदा. "आर.आय.पी." लिहिणे म्हणजे लांबून हात दाखवणे, आणि नाव घेऊन प्रार्थना करणे म्हणजे पुढे होऊन खांदा देणे. सातव्या दिवसाच्या मिस्साला पाच माणसे असतात आणि ग्रुपवर शंभर निरोप असतात, तेव्हा खांदेकरी कमी पडलेले असतात.

संत मोनिका ३८७ साली ऑस्तिया बंदरात आजारी पडल्या. घर समुद्रापलीकडे आफ्रिकेत होते. मायदेशी पुरावे अशी त्यांची एकेकाळची इच्छा होती. पण अखेरच्या दिवसांत त्यांनी मुलांना सांगितले की या देहाचे कुठेही काहीही करा, त्याची काळजी नको. मागणी एकच होती: तुम्ही जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. हे त्यांचे पुत्र संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. परदेशात मरण आलेल्या प्रत्येक माणसाच्या आईने हे ऐकावे असे आम्हांला वाटते. देह कुठे राहिला, किती दिवसांनी आला, हे दुःख मोठेच आहे. पण वेदीपाशी घेतलेल्या नावाला विमान लागत नाही.

आणि इथे तो राउटरवाला तरुण पुन्हा आठवतो. त्याच्या यंत्रांच्या हिशेबात पंधरा टप्प्यांपलीकडे सगळे अनंत, आवाक्याबाहेरचे. मृत्यूविषयी आपलाही हिशेब असाच असतो. अमुक एका टप्प्यापलीकडे आपला माणूस आपल्याला आवाक्याबाहेर गेला असे वाटते. आपण पाठवलेले काही तिकडे पोहोचणार नाही असे वाटते. पण प्रभू येशू त्या सोळाव्या टप्प्यावर स्वतः जाऊन आला आहे. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण दर रविवारी म्हणतो की तो अधोलोकात उतरला. जिथे कुणी पोहोचत नाही तिथे तो उतरला, आणि तिसऱ्या दिवशी उठून शिष्यांपुढे उभा राहिला. त्याचा पहिला शब्द कोणता होता? शांती. आणि तो उच्चारताना त्याने आपले हात दाखवले, खिळ्यांच्या खुणांसकट. आपल्या तीन अक्षरांमधली शेवटची "पी" ही शांती आहे. जखमा पुसून टाकलेली नव्हे, तर जखमांमधून आलेली. मावशींना द्यायची शांती हीच आहे, दुसरी आपल्याजवळ नाही.

बंधुभगिनींनो, या महिन्यात आपण काय करू शकतो? आमच्या धर्मग्रामातल्या स्वयंसेवकांनी तीन साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. आवडल्यास आपल्याकडेही करून पाहा.

मृत्यूची बातमी आली की ग्रुपवर काही लिहिण्याआधी फोन खाली ठेवायचा आणि त्या व्यक्तीचे नाव घेऊन एक "आमच्या स्वर्गातील बापा" आणि एक "नमो मरिया" म्हणायची. एका मिनिटाचे काम आहे. पोर्तुगालमध्ये रस्त्याकडेला मृतात्म्यांच्या आठवणीसाठी छोट्या देवळ्या असतात. त्यांवर याच दोन प्रार्थनांची आद्याक्षरे कोरलेली आढळतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून त्या म्हणाव्यात. तिथली अक्षरे वाटसरूकडे काम मागतात. आपलीही मागू देत.

लिहायचेच असेल तर मराठीत लिहायचे, आणि नावासकट. "प्रभो, अमुक याला तुझ्या शांतीत विसावा दे." अंगठ्याला थोडे जास्त कष्ट पडतील. पण घरातल्या ज्या माणसाला वाचता येत नाही, त्याला कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवणार आहे, हे लक्षात ठेवायचे.

आणि सातव्या दिवसाच्या किंवा महिन्याच्या मिस्साला घरटी एक तरी माणूस जायचे. आमच्या वर्गातल्या मुलांनी एक वही केली आहे. धर्मग्रामात कुणी वारले की ती त्यात नाव आणि तारीख लिहितात, आणि वर्षाच्या मिस्साची आठवण घरोघरी जाऊन करून देतात. मावशींच्या मुलाचे नाव त्या वहीत आहे. मुलांनी ते आधी पेन्सिलीने लिहिले, मग पेनाने गिरवले.

फ्लेक्सवाल्याने रिप म्हणावे, नर्सताईने पट्टे बांधावेत, राउटरनी आपले टप्पे मोजावेत. मुलांनीही गणिताच्या पेपरवर विनोद करावा, त्याचे आम्हांला वाईट वाटत नाही. अक्षरे सगळ्यांची आहेत. पण एखाद्या माणसाच्या नावाखाली ती आपण लिहितो तेव्हा आपण देवाशी बोलायला सुरुवात केलेली असते. ते बोलणे अर्धवट सोडू नये.

चला, प्रार्थना करू या.

हे दयाळू पित्या, या वर्षी आमच्यातून गेलेल्यांची नावे आम्ही तुझ्यापुढे आणतो. (इथे थोडे थांबून आपण आपल्या माणसांची नावे घेऊ या.) ज्यांचे नाव घ्यायला आज कुणी उरले नाही त्यांचे नाव तुला ठाऊक आहे. घरापासून दूर ज्यांना मरण आले, ज्यांना शेवटी आईचा हात मिळाला नाही, त्यांना तू हाताला धर. मागे राहिलेल्यांना तुझ्या पुत्राच्या जखमी हातांतली शांती दे. आम्हांला खांदा द्यायला शिकव, आणि आमची पाळी येईल तेव्हा आमचे नाव घेणारे कुणीतरी वेदीपाशी असू दे. त्यांना शांतीत विसावा मिळो. आमेन.